सैल युनिफॉर्म

हॉस्पिटलच्या तळघरात, लाँड्रीला लागून, एक लांबट खोली होती. खिडकी नावापुरती, छताला टेकलेली. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे पाय तेवढे दिसत. त्या खोलीत बसून बसून शिवणबाई माणसं पायांवरून ओळखायला शिकली होती. बड्या सर्जनसाहेबांचे घाईतले बूट, कॅन्टीनवाल्याच्या घासत जाणाऱ्या चपला, नव्या नर्सचे घाबरलेले पांढरे बूट. वरचं धड कसं असेल याची तिला उत्सुकता नव्हती. ते आज ना उद्या टेपखाली येणारच होतं.

कागदोपत्री ती ‘टेलर (स्त्री)’ होती. नवरा चिडवायचा, “तू कंसात आहेस.” हॉस्पिटलात तिला सगळे शिवणबाईच म्हणत. खोलीत एक कापायचं टेबल, दोन पायमशीनी, त्यातली एक कायम आजारी, आणि पुरुषभर उंचीचा एक आरसा होता. आरशाला नेमका खांद्याच्या उंचीवर काळा डाग पडला होता, त्यामुळे खांदा बघायचा तर नर्सना गुडघ्यांत वाकावं लागे. भिंतीतल्या कपाटात मापांची वही होती. हॉस्पिटलातल्या प्रत्येक बाईला त्या वहीत एक पान होतं.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मेट्रनबाई जिना उतरून खाली आल्या होत्या. त्याही तेव्हा नव्याच होत्या, पण ताठ इतक्या की नर्सनी त्यांना आठवडाभरात ‘स्टार्चबाई’ करून टाकलं होतं. झाडूवाल्यालासुद्धा त्या अहो-जाहो करत, आणि त्या अहो-जाहोचीच लोकांना जास्त धास्ती वाटे.

“शिवणबाई,” त्या म्हणाल्या, “टेप जे सांगेल ते वहीत लिहायचं. वही कपाटात. कपाटाची किल्ली तुमच्या कमरेला. कळलं?”

“कळलं.”

“काय कळलं?”

“कुणाचं कुणाला सांगायचं नाही.”

त्या गेल्या. शिवणबाईनं हे एकच वाक्य बावीस वर्षं पाळलं. कुणाला दिवस गेलेत हे तिला त्या बाईच्या नवऱ्याआधी कळायचं. कोण जेवत नाही, कोण रडून रडून आटलीय, कुणाच्या सासरी चांगलं चाललंय, सगळं अर्ध्या अर्ध्या इंचात कळायचं. शिवणीच्या आत दोन बोटं जादा कापड सोडायची तिची पद्धत होती. शिंपी त्याला माया म्हणतात. हॉस्पिटलच्या कापडात एवढी माया परवडत नाही, अशी स्टोअरकीपरची कुरकुर असायची. पण वेळ आली की ती टीप उसवून आतली माया सोडायची, नवी टीप मारायची आणि युनिफॉर्म घडी करून हातात द्यायची. तोंडातून शब्द नाही. काम करताना तोंडात टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे ते सोपंही जाई.

एक इंग्रजी शब्दही तिला मेट्रनबाईंकडूनच मिळाला. पहिल्या वर्षी तिनं एका बुटक्या, जाड आयाचा युनिफॉर्म शिवला होता. आधीचे सगळे युनिफॉर्म त्या आयाला उशीच्या अभ्र्यासारखे बसत. शिवणबाईनं पुढून खांद्यापासून खालपर्यंत दोन उभ्या शिवणी घेतल्या, पट्टा थोडा वर सरकवला. आया वऱ्हांड्यातून चालू लागली तर उंच दिसत नव्हती, पण आपण बुटके आहोत हे विसरल्यासारखी चालत होती. मेट्रनबाई थांबल्या, तिच्याकडे पूर्ण पाहिलं, म्हणाल्या, “बिकमिंग,” आणि निघून गेल्या.

आया घाबरून तळघरात आली. “काय बोलल्या गं? मेमो देतात का?”

दोघी मिळून स्टोअरकीपरकडे गेल्या. तो मॅट्रिक होता. त्यानं चष्मा वर केला. “बिकम म्हणजे होणे. तेव्हा बिकमिंग म्हणजे होणारं. काहीतरी होणार आहे तुझं.”

आयाला दोन दिवस झोप नव्हती.

काही झालं नाही. मग पुन्हा काही महिन्यांनी एक नवी नर्स माप द्यायला आली आणि हात वर करून उभी असताना सांगू लागली. तिच्या वॉर्डात एक म्हातारे गृहस्थ गेले होते. घरचे जिन्यात होते, वर येत होते. हिनं पडदा ओढला, त्यांचे विस्कटलेले केस विंचरले, दाढीला लागलेलं औषध पुसलं, मग पडदा बाजूला केला. मेट्रनबाई मागेच उभ्या. “म्हणाल्या, बिकमिंग. ओरडल्या की काय, मला कळलंच नाही.”

“ओरडल्या नाहीत,” शिवणबाई म्हणाली. “हात खाली घे.”

तिला आता तो शब्द कळला होता. शोभतं म्हणतात ते हेच. पण ‘शोभतं हो तुला’ हे आपण दिवसातून दहांदा म्हणतो, समोर न बघता, भाजी निवडता निवडता. मेट्रनबाईंचा शब्द पाहून झाल्यावर यायचा. पाहणं लांबलचक असायचं, शब्द एकच. वर्षात एखाद्या वेळी, कधी तेवढाही नाही.

हळूहळू शिवणबाईही तो वापरू लागली. आरशासमोर उभ्या राहिलेल्या पोरी मुद्दाम विचारत, “बाई, सांगा ना, बिकमिंग आहे का?”

“नाही. पोट आत ओढून उभी आहेस. श्वास सोड, मग सांगते.”

“श्वास सोडला तर बटण जाईल.”

“मग बटण सरकवू. दिवसभर काय श्वास धरून सुया टोचणार?”

हसू व्हायचं. पण तिनं ‘हो’ म्हटलं की पोरी जिना चढताना वेगळ्या चढायच्या. तिला पायांवरून कळायचं.

बाविसाव्या वर्षी मेट्रनबाई स्वतः माप द्यायला आल्या. निवृत्तीला वर्ष-सव्वा वर्ष उरलं होतं. “लाँड्रीत सैल पडतात युनिफॉर्म,” त्या म्हणाल्या. “कमरेत थोडे आत घ्या.”

लाँड्रीत कापड आटतं, सैल पडत नाही. शिवणबाईचा नवरा सव्वीस वर्षं त्याच लाँड्रीत मशीनवर होता, त्यामुळे हे तिला कुणी शिकवायला नको होतं. तिनं टेप लावली. बत्तीसची कंबर तीस भरली. तिनं लिहिलं. चारही युनिफॉर्म आत घेतले.

दोन महिन्यांनी साडेअठ्ठावीस. नंतर सत्तावीस. टेप गळ्यामागून नेताना मणके बोटांना लागू लागले. चौथ्या वेळी मेट्रनबाई आरशातल्या डागाकडे बघत म्हणाल्या, “खांद्यांत थोडा कापूस घाला. उतरलेले दिसतात.”

शिवणबाईनं कापूस घातला. असा घातला की सर्जनसाहेबांनाही कळू नये. तिच्या हाताला ती सफाई होतीच. वऱ्हांड्यात मेट्रनबाई पूर्वीसारख्याच दिसत होत्या. ताठ, मापात, पट्ट्याची चकती बरोबर मधोमध. दिवसातून चारशे डोळे त्यांच्यावरून फिरत आणि कुणाला काही दिसत नव्हतं. रात्रंदिवस माणसं तपासणारे डोळे. आणि ते दिसू नये याचं काम खाली तळघरात एक बाई टाचण्या तोंडात धरून करत होती.

पाचव्या वेळी सव्वीस भरली. तिनं तोंडातल्या टाचण्या काढून टेबलावर ठेवल्या.

“बाई, कुणाला दाखवलंत का?”

“काय दाखवायचं?”

“हेच.”

मेट्रनबाईंनी बाही खाली ओढली. “पस्तीस वर्षं दुसऱ्यांना बघतेय मी. मला कळत नाही असं वाटतं तुम्हाला?”

“कळतं म्हणूनच विचारते.”

“माझ्याच वॉर्डात मी कॉटवर पडू? ज्यांना चादर ओढायला शिकवली त्या पोरी माझं बेडपॅन नेणार, आणि मी ‘थँक्यू सिस्टर’ म्हणू?” त्यांना धाप लागली होती. “ते बिकमिंग नाही, शिवणबाई. उरलेले महिने काढायचेत. निघतील. तुम्ही आपली टेप सांभाळा.”

शुक्रवारी त्यांनी चारही युनिफॉर्म खाली पाठवले. सोमवारी वार्षिक तपासणी होती, वरून माणसं येणार होती. निरोप होता: नव्या मापानं आत घ्या, कापूस वाढवा.

त्या संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात बटाटे सोलत बसला होता. मशीनींनी त्याचे कान खाल्ले होते, त्यामुळे त्याच्यापुढे काहीही बोलता येई, भिंतीला सांगितल्यासारखं. शिवणबाईनं ओट्याकडे तोंड करून सगळं सांगितलं. बत्तीसपासून सव्वीसपर्यंत. कापसासकट. बावीस वर्षांत पहिल्यांदा वहीतलं पान खोलीबाहेर आलं होतं, तेही बहिऱ्या माणसापुढे.

“मग शिवू नकोस,” तो म्हणाला.

ती वळली. “काय म्हणालात?”

“शिवू नकोस म्हटलं. त्यात काय एवढं?”

“ऐकू येतं की तुम्हाला.”

“कामाचं येतं.” त्यानं बटाट्याचा डोळा टोकरून काढला. “कुणाला सांगायचं नाही असं ठरलंय ना तुमचं? नको सांगू. तू फक्त शिवू नकोस. बघतील ते बघतील.”

“मेमो येईल. माझ्या फाईलला आजवर डाग नाही.”

“मला सात आले होते. जेवण कमी झालं का माझं?”

“तुमचं काय जातंय बोलायला. त्यांनी विश्वासानं दिलेत मला ते कपडे.”

त्यानं पुढचा बटाटा घेतला. ऐकू आलं नसेल, किंवा कामाचं नसेल.

शनिवारी ती खोलीत एकटी होती. तिनं पहिला युनिफॉर्म उलटा केला आणि कात्रीच्या टोकानं टीप उसवायला घेतली. सत्तावीसची टीप, मग तिच्या खालची साडेअठ्ठावीसची, मग तीसची. स्वतःच्या हातचं इतकं बारीक काम तिनं कधी उलट्या दिशेनं पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी टीप इतकी पक्की होती की ती उसवता उसवता तिला स्वतःचाच राग आला. आतली सगळी माया बाहेर आली. खांद्यांतला कापूस तिनं चिमटीनं ओढून काढला, तो टेबलावर लहानशा ढिगासारखा पडून राहिला. संध्याकाळपर्यंत चारही युनिफॉर्म पुन्हा बत्तीसचे झाले होते. तिनं ते लाँड्रीत देऊन कडक इस्त्री करून घेतले. सोमवारी सकाळी, तपासणीला अर्धा तास असताना, वर पाठवून दिले. पाचवा युनिफॉर्म मेट्रनबाईंकडे नव्हता, आणि साध्या कपड्यांत त्या ऑफिसबाहेर पाऊल टाकणार नव्हत्या. हे तिला माहीत होतं. म्हणूनच ती तशी वागली होती.

मग तिनं वॉर्डाचे धुतलेले पडदे दोन्ही हातांवर घेतले आणि जिना चढली. पडदे मंगळवारी न्यायचे होते.

मेट्रनबाई ऑफिसातून बाहेर आल्या. पट्टा शेवटच्या भोकात अडकवला होता, तरी खाली सरकत होता, आणि त्याच्या वर-खाली कापडाचे झोळ पडले होते. खांदे हँगरला लावल्यासारखे लोंबत होते. त्या नेहमीसारख्याच ताठ चालत होत्या. त्यामुळे जास्तच वाईट दिसत होतं. रांगेतल्या नर्सनी आधी युनिफॉर्म पाहिला, मग मान, मग फरशी.

सर्जनसाहेब पाहुण्यांशी बोलत येत होते. वाक्य अर्ध्यावर टाकून थांबले.

“मेट्रन, तुमचं वजन किती आहे?”

“सर, आपल्याला वॉर्ड दाखवायचाय.”

“वजन किती म्हणतोय मी.”

“आज काटा बघितला नाही.”

“मग बघू या.” त्यांनी एका नर्सला खूण केली. वजनकाटा वॉर्डातून ढकलत आणला गेला. त्याचं एक चाक कुईकुई करत होतं. सगळ्यांच्या देखत मेट्रनबाई बूट न काढता त्यावर चढल्या, समोर बघत उभ्या राहिल्या. सर्जनसाहेबांनी आकडा वाचला. मोठ्यानं नाही. मग त्यांनी मेट्रनबाईंना हात धरून उतरवलं. ह्या गोष्टीची शिवणबाईनं तयारी ठेवली नव्हती. एवढं जाहीर होईल असं तिनं धरलं नव्हतं. तिला वाटलं होतं, कुणीतरी बघेल, बाजूला घेईल, हळूच विचारेल. पडद्यांचं ओझं हातांवर तसंच धरून ती भिंतीला लागली. जाता जाता मेट्रनबाईंची नजर तिच्यावर आली आणि तिथेच थांबली.

दुपारी त्या तळघरात आल्या.

“मुद्दाम केलंस.”

बावीस वर्षांत पहिल्यांदा त्या एकेरीवर आल्या होत्या.

“हो.”

“काट्यावर उभं केलं मला. प्राण्यासारखं. पाहिलंस ना?”

“पाहिलं.”

“विश्वास होता माझा तुझ्यावर.” आवाज चढला नाही, चिरला. “काय काम आहे हे? कुणाच्या अंगावर घालायच्या लायकीचं आहे?”

“नाही, बाई. माझ्या हातचं इतकं वाईट काम आजवर या खोलीबाहेर गेलं नव्हतं.”

मेट्रनबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी टेबलाचा आधार घेतला, सावरल्या, आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी मेमो आला. कामात हलगर्जी, वरिष्ठांच्या सूचनेकडे दुर्लक्ष. खाली त्यांची सही होती, ओळीत, नेहमीसारखी. बुधवारी त्या पहिल्या नंबरच्या कॉटवर दाखल झाल्या. ऑपरेशन शनिवारी ठरलं.

नवऱ्यानं मेमो उलटसुलट करून पाहिला. “कागद चांगलाय. माझ्या वेळी एवढा चांगला नव्हता.”

ती हसली नाही. ती गाऊनचा विचार करत होती. पेशंटचे गाऊन तिनं हजारांनी शिवले होते: सगळे एका मापाचे, मागून उघडे, पाठीवर तीन नाड्या. बारीक माणूस त्यात बुडे, जाड माणूस मावत नसे, आणि कॉटवरून उठलेला प्रत्येक जण एक हात मागे धरून चाले. ही गोष्ट तिनं इतकी वर्षं पाहिली होती. आज तिला ती दिसली. वहीतलं सव्वीसचं पान समोर ठेवून तिनं दोन गाऊन कापले. मागचे दोन्ही पाट एकमेकांवर वीतभर चढतील असे, नाड्या कुशीला, आणि सलाईनसाठी बाहीला खांद्यापासून मनगटापर्यंत बटणं. गुरुवारी ते वॉर्डच्या सिस्टरच्या हातात दिले.

“कुणी दिले म्हणून सांगू?”

“तळघरातून आले म्हणा. तिथूनच येतात.”

निरोप काही आला नाही. ऑपरेशन झालं, मेट्रनबाई वाचल्या, एवढं आयाकडून कळलं. शिवणबाई विचारायला वर गेली नाही. सहा आठवडे ती चादरींना शिवण घालत राहिली, आणि जिन्यात पाऊल वाजलं की तिचा पाय मशीनवर थबकत राहिला. वहीवरचा विश्वास एकदा गेला की टेलर कितीही चांगला असो, त्याच्यापुढे कोण हात वर करून उभं राहील? पोरी येत होत्या, पण तिलाच त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मग एका सकाळी जिन्यावर काठी वाजली. एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. मेट्रनबाई साध्या कपड्यांत होत्या. त्यांना तसं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

“माप घ्या,” त्या म्हणाल्या, आणि हात थोडे वर केले. उजवा पूर्ण वर जात नव्हता.

शिवणबाईनं टेप लावली. “सत्तावीस.”

“लिहा.”

तिनं लिहिलं. मेट्रनबाईंनी हात पुढे केला. “वही बघू.” आपलं पान त्यांनी वरून खालपर्यंत वाचलं, बत्तीसपासून.

“हे पान कुणी पाहिलं?”

“कुणी नाही. नवऱ्याला तोंडी सांगितलं, एकदा. त्यांना ऐकू येत नाही.”

“त्यांना सगळं ऐकू येतं,” मेट्रनबाई म्हणाल्या. “मीच तपासले होते त्यांचे कान.”

त्या स्टुलावर बसल्या. “तो मेमो काढता येणार नाही. फाईलला लागलाय.”

“राहू द्या. खोटं काही नाही त्यात.”

“नाही, काम वाईटच होतं.” त्यांनी काठी टेबलाला टेकवली. “तिसऱ्या दिवशी मला चालवलं. वऱ्हांड्यात, सगळ्यांसमोर. माझे दोन्ही हात मोकळे होते.” मग एकदम, नेहमीच्या आवाजात: “त्या गाऊनला कापड किती जादा लागतं?”

“पाऊण मीटर.”

“हं,” म्हणून त्या उठल्या. युनिफॉर्मचं विचारलंच नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी बत्तीसचे ते चार युनिफॉर्म तसेच वापरले, पट्टा आवळून. कंबर पुढे तीसपर्यंत आली. बत्तीस काही पुन्हा झाली नाही.

पंधरा दिवसांनी स्टोअरकीपर खाली आला. मागे गठ्ठ्यांची ढकलगाडी, हातात टाईप केलेला कागद, कपाळाला आठ्या.

“शिवणबाई, तुम्ही वर काय दिवे लावलेत? दोनशे चाळीस गाऊन! जुने मोडीत. प्रत्येकी पाऊण मीटर जादा. एवढं कापड मी आणू कुठून?”

“आणलंत की. मागे उभं आहे.”

“आणि हे बघा.” त्यानं कागदावर बोट ठेवलं. “गाऊन धुवायला सोपा असावा, कबूल. सलाईनला अडू नये, कबूल. आणि पुढे लिहिलंय, बिकमिंग असावा. पेशंटच्या गाऊनला हा कसला शब्द?”

“कुठं लिहिलंय?”

त्यानं दाखवलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी ती बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिली.

“बघून झालं?”

“झालं,” ती म्हणाली. “गठ्ठे टेबलावर ठेवा. आणि नाड्यांचं कापड वेगळं लागेल, ते आजच लिहून घ्या.”